जास्वंदीचा रंग

लंडन, १२ ऑक्टोबर १९५६

रानातील फुलांना सजविणाऱ्या प्रभूची कृपा तुझ्यावर असो, धाकटे मार्था.

मी सुखरूप आहे. सायमन कामावर गेला की घरात टेलिव्हिजनच बोलतो. त्यावरील बागकामाचा कार्यक्रम पाहून मी आपल्या चर्चमधील वेदीच्या वस्त्रासाठी क्रोशाची फुले विणते. पडद्यावर सारे काळेपांढरे. म्हणून रंग वसईचे घालते.

काल सायमन हसला, "आये, हे फूल इथं निळं असतं, तू अबोली केलंस!"

"वसईत कोण तपासणार, बाबा?"

सोबतची फुले वस्त्रावर शिवून घे. एक मात्र विणायचे राहिले आहे, विहिरीवरच्या आईच्या जास्वंदीचे. इथे आल्यापासून तीन वर्षांत तिचाही रंग मनातून गेला. लाल होती की गुलाबी? अजून फुलते ना?

हे वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या सर्वांवर पवित्र मातेची छाया राहो.

तुझी थोरली बहीण,
तेरेसा