खैरगुड्याचा भूमक सरकारी कागदात पाहुणा ठरल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी.

अर्जदार : पोचू पेंदोर, जात गोंड, वय पासष्टच्या आसपास, मु. खैरगुडा, जि. चंद्रपूर.

विषय : अर्जदारास त्याच्याच गावचा रहिवासी म्हणून लावून त्याचे घर गोदामास न देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या दारावर चिकटवलेली नोटीस, दि. २० एप्रिल १९८३.

महोदय,

विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदार हा खैरगुड्याचा भूमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी आहे. त्याच्या बापाच्या वेळी गावात एकवीस घरे होती, सगळी गोंडांची. मग चुनखडीची खाण निघाली. जंगल तुटले, गोंड एकेक करून नदीपल्याड सरकले आणि तेलंगी, छत्तीसगढी, बिहारी मंडळी आली. आज घरे शंभरावर आहेत, त्यांत गोंडाचे एक. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. माणसे चांगली आहेत. बिहारचा ट्रकवालासुद्धा नवा टायर लावला की आधी अर्जदाराकडून नारळ फोडून घेतो.

२) भानगड झाली ती १९८१ च्या शिरगणतीत. शिमग्याआधी आमच्याकडे गावबांधणीची, म्हणजे रोगराई आत येऊ नये म्हणून गावची शीव मंत्राने बांधायची पूजा असते. तिच्या आधी पाच दिवस भूमकाची चूल पेटत नाही, तो रोज वेगळ्या घरी जेवतो. साऱ्या गावचे अन्न भूमकाच्या पोटात गेल्याशिवाय गाव बांधल्या जात नाही, असा रिवाज आहे. बापाच्या वेळी पाचही दिवस आंबील असे. आता एका घरी चिंचेचे सार, दुसऱ्या घरी बासी भात, तिसऱ्या घरी सातूचे पीठ. म्हणजे आपण पाठवता ते शाळेचे गुरुजी जी गणती दहा वर्षांनी कागदावर करतात, ती अर्जदार दरसाल जेवून करतो. त्याने पोट बिघडते, पण तो विषय वेगळा.

३) तर गुरुजी आले तेव्हा अर्जदाराचे दार लोटलेले, चूल थंड. त्यांनी "रिकामे घर" असे लिहिले. पुढे लच्छू तेलंग्याच्या ओसरीत अर्जदार जेवत होता. हे कोण, असे विचारताच लच्छूने मोठ्या आदराने सांगितले, "हे आज आमचे पाहुणे." झाले. आठ वर्षांपूर्वी आलेला लच्छू रहिवासी आणि अर्जदार पाहुणा. खैरगुड्यात गोंड शून्य. "मी इथलाच आहो, गुरुजी," असे अर्जदार म्हणणार होता, पण तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत गुरुजी पुढल्या घरी गेले.

४) आता नोटीस आली की, सदर घर दोन वर्षांपासून रिकामे असल्याने खाणीच्या ठेकेदारास गोदामासाठी देण्यात येईल. ती लावायला आलेल्या शिपायाला अर्जदाराने त्याच घरातून पाणी दिले, चिकटवायला भातही दिला. शिपाई पाणी प्याला आणि रिकाम्या घराला नोटीस लावून गेला. तेव्हापासून अर्जदार बाजारालाही जात नाही. मागे दार लोटलेले दिसले तर घर जाईल, याची त्याला खरेच भीती वाटते.

५) गावालाही काळजी आहे, कारण भूमक गेला तर गाव बांधणार कोण. छत्तीसगढहून आलेली नीलाबाई तर म्हणते, "जागा कमी पडून राह्यली असंल त माहं नाव खोडा, पण भूमकाले राहू द्या."

६) तरी अर्जदाराचे नाव व घर कायम करावे. तो पाहुणाच आहे असे सरकारचे मत असल्यास, त्याचा यजमान कोण आणि पाहुण्याने परत जायचे ते गाव कोणते, हे लेखी कळवावे. अर्जदारास दुसरे गाव माहीत नाही.

आपला नम्र, आणि घरीच असलेला,
पोचू पेंदोर (अंगठा)
अर्ज लिहून देणार : भैयाजी रामटेके, खैरगुडा
दि. ४ मे १९८३

सोबत :
१) नोटीस. दारावरून सोडवताना कोपरा फाटला, माफी असावी.
२) गावकऱ्यांच्या सह्या, तीन लिप्यांत, व अंगठे.
३) घरामागचे पुरख्यांच्या नावाचे उभे दगड, नग सतरा. वजनामुळे जोडता आले नाहीत. जागेवर आहेत.