पाठीमागची जागा

२ जानेवारी १९६४, गुरुवार
बंदर कचेरीतून थेट क्लबात. वसंताशी टेबल टेनिसचे तीन गेम, तिन्ही माझे. नेहमीचंच. तो मारतो, मी टेबलापासून लांब मागे जाऊन खालून कापून परत देतो, तो पुन्हा मारतो, शेवटी बॉल जाळीत घालतो आणि मला शिव्या देतो. शाळेपासूनचा दोस्त, शिव्यांचं काय वाटणार. यंदा व. क्लबचा सेक्रेटरी. जिल्ह्याच्या निवडीला रत्नागिरीला यंदा पहिल्यांदाच मालवणातून एकाला बोलावलंय. शनिवारी, ११ ला, आम्हा दोघांत फायनल. जिंकेल तो जाणार. मला जायचंय. फार जायचंय, इथे लिहायला हरकत नाही.
खेळ झाल्यावर पायरीवर बसलो. व. म्हणाला, "तुका भय तरी कसला वाटता रे? माझ्या स्मॅशाचा तर नाय." खूश झालो. म्हटलं, भिंतीचं. मागे जागा नसली की डिफेन्सवाला मेलाच, बॉल खाली येईपर्यंत थांबणार कुठे? आणि खोल मारून लगेच जाळीजवळ हळूच टाकलास, की मग मी धावतच राहीन. एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही.

५ जाने., रवि.
सकाळभर हमाली. क्लबच्या मागच्या खोलीत भिंतीला वाळवी लागलीय म्हणे. पुस्तकांची कपाटं तातडीने हॉलात आणायची आणि हॉलातलं टे.टे.चं टेबल त्या चिंचोळ्या खोलीत न्यायचं. सेक्रेटरींचा हुकूम. चौघांनी उचलली, चौथा मी. "फायनल खंय मगे?" म्हटलं. "तवसर सगळा परत जागेर, तू भियां नको."
कंबर धरली. सुमती तेल चोळताना हसत होती. "खेळान कधी दमल्यात नाय, आणि कपाटा उचलून आडवे?"

८ जाने., बुध.
कपाटं हॉलातच. भिंतीला औषध मारलंय, वाळायला हवं, इति व.
सराव नाही. घरी बसून सुमतीला डिफेन्स समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "एकदा तरी मारा मा तुमी. बघणाऱ्याक कंटाळो येता." येतो, खरं आहे. माझे पॉइंट मी मिळवत नाही, समोरचा घालवतो. मारून संपवणं मला जमत नाही, हे माझं उणं. पण त्याला घाई सुटेपर्यंत गप्प राहून एकसारखा बॉल परत देत राहणं, हे शिकायला वर्षं गेली माझी. कोणी टाळ्या वाजवत नाही त्याला. न का वाजवेनात.

११ जाने., शनि.
हरलो.
मागच्या खोलीतच खेळवलं. आमचे पंच तात्या, निवृत्त मास्तर, कुरकुरले. "वसंता, ही खोली आहे की कोठार?" व. अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, "तात्या, आता इतक्या माणसांसमोर कपाटं कुठे हलवायची?" मीही नको म्हटलं असतं तर... पण दोस्त. मान डोलावली.
पहिला गेम कसाबसा काढला. मग व. खोल मारू लागला. दोन पावलं मागे, की कोपर भिंतीवर. लगेच जाळीजवळ हळूच. पुढे धावलो की पुन्हा खोल. पायरीवर मी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. तेव्हाही कळलं नाही मला. चौथ्या गेमात बॉल उचलायला वाकलो तेव्हा नाकासमोर भिंत आली. कोरडी, स्वच्छ चुन्याची. वाळवी नाही, औषधाचा वाससुद्धा नाही.
त्यानंतरचे पॉइंट आठवत नाहीत. हात मिळवला. तो मिळवायला नको होता.

१२ जाने., रवि.
व.च्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिलो, मग विचारलं. खोटं बोलला नाही, एवढं खरं.
"अरे, मागे जागा दिल्यार तुका कोण हरयतलो? आसा कोण मालवणात?"
वर हे कौतुक म्हणून! आणि मग, "तूच सांगलंस मा."
हो, मीच. दोस्ताला सांगितलं होतं. फायनल खेळणाऱ्याला नाही. असं म्हणायला हवं होतं, वाटेत सुचलं. तिथे नुसतं "बरां" म्हटलं आणि आलो. हरण्याचं दुःख आहेच, पण ते कपाट माझ्याही खांद्यावर होतं याचा राग जात नाही. हसला असेल का तो तेव्हा? मागची बाजू त्यानेच धरली होती, मला दिसला नाही.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
व. तिळगूळ घेऊन आला. सुमतीने सण म्हणून चहा केला, पण साखर कमी घातली असावी.
मुद्द्यावर आला. रत्नागिरीचा पहिला नंबर पक्का डिफेन्सवाला आहे. "तुझ्यासारखोच. तुझ्यावांगडा सराव केल्याशिवाय माझा काय खरा नाय रे." तोंडाकडे बघत राहिलो. याला लाज म्हणून— जाऊ दे.
तो गेल्यावर सुमती म्हणाली, "जाव नकात. तुमच्या जीवार तो थंय नाव काढतलो."
मी बॅट पुसत बसलो.

१५ जाने., बुध.
गेलो. का गेलो, विचारू नये.
टेबल हॉलात. कपाटं गेली मागच्या खोलीत, एका सकाळीत. उचलायला मला बोलावलं नव्हतं.
मागे भरपूर जागा. खोटं नाही सांगत, बरं वाटलं. तासभर व. मारत होता, मी देत होतो. एक पॉइंट त्याला सुखाने मिळाला नाही. घामाघूम होऊन बसला आणि म्हणाला, "माझा काय चुकता ता सांग. तुका कळता."
कळतं. शाळेपासून कळतंय. मारण्याआधी त्याचा डावा खांदा वळतो, त्यावरून बॉल कुठे येणार ते आधीच दिसतं. म्हणून तर मी पोचतो. रत्नागिरीचा डिफेन्सवाला आंधळा नसेल, तर दहा मिनिटांत ओळखेल. दोन दिवस लक्ष दिलं तर खांदा आवरता येईल.
व. वाट बघत होता. "उद्या सांगतो," म्हटलं.
शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.ने तो निघतो.