मेंढरांनी तुडवलेला बांध

भाद्रपद वद्य षष्ठी, सन १९३४

प्रिय बिरप्पा,

तुझ्या दाजीचा आशीर्वाद. माझ्या हातचं पत्र बघून तुला नवल वाटंल. चार बुकं शिकलो ती आज कामाला आली. मी लिहितोय हे तुझ्या अक्काला, माझ्या अंबूला, ठावं न्हाय. तू गेल्यापासून, चार महिने झालं, ती माझ्याशी कामापुरतंच बोलती. तिचंबी खरं हाय म्हणा.

आधी आनंदाची बातमी. ओढ्याला कधी न्हाय असं पाणी आलं, पर खालच्या आळीत थेंब शिरला न्हाय. दरसाल आपण भांडीकुंडी डोक्यावर घिऊन देवळात जाऊन बसायचो. औंदा अंबूनं घरच्या चुलीवर पिठलं केलं, आन् माझी म्हातारी उंबऱ्यात बसून लांबनंच पाणी बघत हुती. आपला मातीचा बांध टिकला, गड्या!

कसा टिकला ते ऐक. मी मुकादम, म्हणून दिवसभर बांधावरच हुतो. कडंचा भाग आमी धा गडी लावून धुमसानं चोपला हुता. त्यो हातभर खचला. बायाबापड्यांनी मातीची पोती टाकली तवा कुटं थांबला. आन् मधोमध, जितं पाण्याचा सगळा जोर, तितली माती तसूभर हलली न्हाय. उन्हाळ्यात गडी घरी गेले की तू तितंच ओल्या मातीवरनं मेंढरं फिरवायचास. बारीक खुरं माती आतपतूर दाबत्यात, हे तू मला दोनदा सांगितलंस. मी ऐकलं व्हय? सकाळी लेंड्या दिसल्या आन् माझं टाळकं सरकलं. भर गावात तुला बांध नासवणारा म्हणालो, काठी उगारली, पुन्हा शिवारात दिसू नको म्हणालो. तू कळप विकून सोलापुरात गिरणीत गेलास. मोकळ्या रानातला तू, भवानी पेठंतल्या खोलीत ऱ्हातोस, ते माझ्यापायी.

परवा सरकारी साहेब बांध बघाया आले. मधला भाग काठीनं टोकरून बघितला आन् माझी पाठ थोपटली. गप ऱ्हायलो असतो तर खपलं असतं, पर जीव मानंना. सगळ्यांपुढं सांगितलं की हे काम बिरप्पाच्या मेंढरांचं, आन् त्याला हाकलणारा गाढव मी. लोक लई हसले. हसू द्यात. तुझं उपकार माझ्यानं फिटायचं न्हाईत.

आता खरं कारण लिहितो. काल नातेपुत्याच्या बाजारातनं बारा मेंढरं आणली. कानाला खूण कराया बसलो, अंबूनं मेंढरं धरली. माझी खूण केली न्हाय. तुझी केली, डाव्या कानाला दोन खाचा. अंबू बघतच ऱ्हायली, मग पदरात तोंड घालून रडली. आपल्यात एकदा कान कातरला की मालक ठरला, हे तुला मी काय सांगू? तुझी मेंढरं माझ्या दारात उभी हायत, बिरप्पा. न्यायला ये.

तुझाच चुकलेला दाजी,
धोंडीराम