दुकान बेल्टवाल्या जावयाच्या नावे

मी, एन्नो साटहोफ, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सायकल विक्री व दुरुस्ती, राहणार लेअर, नदीच्या बंधाऱ्याकडची गल्ली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता आणि चष्मा लावून लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे. डावा गुडघा सोडला तर शरीराबद्दल तक्रार नाही. आमच्याकडे जर्मनीत टाईप केलेले मृत्युपत्र बाद धरतात, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच हाताने लिहिले आहे. अक्षर कसे आहे ते माझी बिले वाचलेल्या गिऱ्हाइकांना माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात दुकान माझा धाकटा भाऊ गेर्ड याच्या नावे होते. ते या लेखाने रद्द करतो. गेर्डला राग येणार. त्याने आधी कलम चार वाचावे आणि मग रागवावे.

कलम १. राहते घर, मागची बाग आणि घरातले सगळे सामान माझी एकुलती एक मुलगी फेन्ना हिच्या नावे. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेचा वारा सुटला की उघडते, तिला लाकडाची पाचर मारून ठेवली आहे, ती काढू नये. फेन्नाच्या आईचे, म्हणजे इन्साचे, गुलाबाच्या नक्षीचे कप काचेच्या कपाटात आहेत. ते वापरावेत. इन्सा गेल्यावर मी ते सात वर्षे नुसते पुसून ठेवले, हा मूर्खपणा झाला. शेजारच्या बाईंचे कुंपण आमच्या हद्दीत वीतभर आले आहे. हे भांडण मी एकोणीस वर्षे नेटाने चालवले. ते वारसाहक्काने कोणाकडेही जात नाही, माझ्याबरोबर संपते.

कलम २. चेनची सगळी अवजारे, म्हणजे कड्या काढायची, जोडायची, झीज मोजायची, ही गेर्डला. त्यातला चांगला कडीतोड त्याने २००६ साली एका दिवसासाठी नेला आहे, तो परत मागू नये. लाकडी कपाटातले जुने पाने आणि स्पोक ताणायचे लोखंडी स्टँडही त्यालाच. तो म्हणेल, "दादानं मला भंगार दिलं." त्याला सांगावे, या भंगारावर तुझ्या दादाने चव्वेचाळीस वर्षे घर चालवले.

कलम ३. दुकानाच्या मागच्या खोलीत हिरव्या कापडाखाली एक राखाडी सायकल आहे. ती गिऱ्हाइकाची आहे असे मी सगळ्यांना सांगत आलो.

"कोणाची रे ही, दादा?" गेर्ड दर महिन्याला विचारतो.

"गिऱ्हाइकाची."

"चार वर्षं झाली. न्यायला येत नाही?"

"येईल. घाई आहे का तुला?"

ती माझी आहे. तिला चेन नाही, दातेरी बेल्ट आहे, आणि गिअर चौदा, सगळे मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद. जो माणूस आयुष्यभर बेल्टच्या नावाने नाक मुरडत आला त्याच्याकडे ही सायकल सापडली तर गाव हसेल, म्हणून कापड. घेतली ती बेल्टला खोटे पाडण्यासाठी. एक हिवाळा निवड करण्यात गेला. आठ गिअरची बघितली. आमच्या सपाट मुलखात रोजच्या जाण्यायेण्याला आठ भरपूर होतात. पण मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लावून चढावर जायचे तर आठातला सगळ्यात हलका गिअरही जड पडतो, आणि बेल्टच्या सायकलीला मागाहून दात्यांची चकती बदलून गिअर हलके करणे सोपे नसते, कारण चकती बदलली की बेल्टची लांबीही बदलावी लागते. म्हणून सगळा हिशोब घ्यायच्या आधी करावा लागतो. मी तो केला आणि चौदाची घेतली. वजन जास्त आहे. पण उचलायची कोणाला आहे?

पहाटे दुकान उघडायच्या आधी आणि रविवारी बंधाऱ्यावरून तिच्यावर फिरलो. अकरा हजार किलोमीटर झाले. बेल्ट पहिलाच आहे. वर्षातून एकदा हबमधले तेल बदलले आणि बेल्ट कधी कुरकुरला तर बादलीभर पाण्याने धुतला. माझी पँट चार वर्षांत एकदाही काळी झाली नाही. बेल्ट खोटा पडला नाही. ही सायकल फेन्नाला. सीट वर करावी लागेल, फेन्ना आईसारखी उंच आहे.

कलम ४. दुकान, त्याची जागा, आतला सगळा माल आणि वरची पाटी माझा जावई रेम्मर याच्या नावे. यात कोणाचा वाटा नाही आणि कसलीही अट नाही. त्याने पाटीवरचे नाव बदलले तरी चालेल. आतल्या सगळ्या चेनच्या सायकली विकून बेल्टच्या लावल्या तरी चालेल. कारण खाली देतो. हे कलम लांबले आहे, पण याच्यासाठीच मी हा कागद घेऊन बसलो.

बारा वर्षांपूर्वी रेम्मर आणि फेन्नाचे नुकतेच लग्न झाले होते. रेम्मर बंदरावर यंत्रे दुरुस्त करायचा आणि नोकरी सोडून माझ्या दुकानात यायला बघत होता. एका शनिवारी दोघे आले. गेर्डही तेव्हा दुकानात बसला होता.

"बाबा, दोघांना सारख्या सायकली हव्यात," रेम्मर म्हणाला. "रोज कामावर जायला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या वरच्या टोकापर्यंत."

"घे की. भिंतीला वीस लावल्यात."

"बेल्टच्या हव्यात. गिअर हबमधले."

"बेल्ट पँटला लावतात."

गेर्ड खो खो हसला. रेम्मर हसला नाही, तो मुद्दे लिहिलेला कागदच घेऊन आला होता. "तेल नको, गंज नाही. बंधाऱ्यावरचा चिखल लागला तर धुऊन टाकायचा. सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलतो. आणि पावसात पुढचा-मागचा गिअर अडकून बसायची भानगड नाही."

"आणि रानात तुटला तर? चेनची कडी काढली, जोडली, निघालं. बेल्टला जोड नसतो रे. तो घालायला फ्रेमच मागून उघडी लागते. सायकल आहे की सदरा, बटण काढून घालायला?"

"म्हणून तर एक जादा बेल्ट बरोबर नेणार."

"बाबा, ऐका ना त्याचं," फेन्ना म्हणाली. "आईला सात गिअरची हवी होती तेव्हापण तुम्ही असंच केलं होतंत. तीनवर भागव म्हणालात."

मी त्यांना सायकली मागवून दिल्या, पण तोंड वाकडे करून. पुढच्या जूनमध्ये दोघे निघाले. आदल्या दिवशी दुपारी अवजारांची पिशवी मीच भरली. मला ते काम आवडते. रेम्मरने जाता जाता सांगितले होते, "बाबा, जादा बेल्ट सैल वेटोळं करूनच ठेवा हं. दाबू नका त्याला."

मी हो म्हणालो. पण ते वेटोळे जेवणाच्या ताटाएवढे होत होते आणि पिशवीत मावेना. जन्मभर मी चेन पिशवीत भरत आलो. चेन घडी करा, दुमडा, गाठोडे करा, तिला काही होत नाही. मी बेल्टची घडी घातली, अंगठ्याने दाबली, पुन्हा घडी घातली आणि वरून पातळ तार पक्कडीने पिळून घट्ट बांधली. मुठीत मावला. मला तेव्हा स्वतःचे कौतुकच वाटले. बेल्टच्या पोटात कार्बनचे धागे असतात. ओढायला ते पोलादाला भारी, पण तीक्ष्ण घडीवर मोडतात, आणि मोडलेले वरून दिसत नाही. हे मी नंतर वाचले. रेम्मरने मला ते एका वाक्यात आधीच सांगितले होते.

सव्विसाव्या दिवशी नॉर्वेत फेन्नाच्या बेल्टमध्ये टोकदार दगड शिरला आणि बेल्ट कापला गेला. असे क्वचित होते, पण होते. रेम्मरने अर्ध्या तासात जादा बेल्ट चढवला. पहिल्याच चढावर तो कडकन तुटला. पुढच्या गावापर्यंत दोन दिवस सायकली ढकलत पायी. त्या गावच्या दुकानात चेन दोन पेट्या भरून होत्या, पण त्या काय कामाच्या? शेवटी बस, बोट, रेल्वे, घर. टोक अजून तीनशेऐंशी किलोमीटर लांब राहिले.

ते दारात उभे होते, अंगावरचे कपडे तसेच होते, आणि मी पहिले वाक्य बोललो ते हे: "मी सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी रेम्मरने दोन्ही तुटके बेल्ट माझ्या टेबलावर ठेवले. "हा पहिला दगडानं कापला, ते समजतं. हा दुसरा नवाकोरा होता, बाबा. का तुटावा?"

मी तो हातात घेतला. जिथे माझी तार होती तिथेच तुटला होता. मी म्हणालो, "बेल्टचं असंच असतं." तो दोन्ही बेल्ट तिथेच ठेवून गेला.

तेव्हा सांगायला हवे होते. पण आदल्या दिवशी मी दारात जे बोललो होतो ते गेर्डने तोवर अर्ध्या गावाला सांगून टाकले होते, आणि मी अहंकारी माणूस आहे. पुढच्या वर्षी रेम्मरने दुकानात यायचे विचारले, तेव्हा मी गेर्डसमोर म्हणालो, "स्वतःच्या बायकोला जो परमुलखात रस्त्यावर उभं करतो, त्याच्या हाती मी दुकान कसं देऊ?" तो बंदरावरच राहिला. दोन्ही सायकली विकल्या गेल्या. फेन्नाने माझ्याकडून चेनची घेतली आणि ती आजतागायत वापरते. दर रविवारी चहाला आले की ती म्हणते, "काही नवीन घ्यायचं असेल तर रेम्मरला विचारू नका हं, तो आपल्याला अर्ध्या रस्त्यात सोडतो." सगळे हसतात. मीही हसत आलो. रेम्मर साखरेचा खडा कपात टाकतो. तो प्रवास फुकट गेला तो माझ्यामुळे, त्याच्यामुळे नाही. त्याने निवड बरोबर केली होती. मी खोटे बोललो आणि अकरा वर्षे ते टिकवले.

दुकान मी त्याला बक्षीस म्हणून देत नाही. ते दहा वर्षांपूर्वीच त्याचे व्हायला हवे होते.

कलम ५. बँकेत जे असेल ते फेन्ना आणि रेम्मर यांना निम्मे निम्मे. त्यांनी ते उरलेल्या तीनशेऐंशी किलोमीटरवर खर्च केले तर मला बरे वाटेल. सक्ती नाही. पिशवी मात्र त्यांनी स्वतः भरावी.

कलम ६. मला इन्साच्या शेजारी पुरावे. भाषण नको. पाद्रीबुवांनी माझ्या शांत स्वभावाबद्दल काही बोलू नये, लोक हसतील.

कलम ७. कायद्याने या कागदाला साक्षीदार लागत नाहीत. तरी आज मी रेम्मर आणि फेन्ना या दोघांना बोलावले आहे. साक्षीदाराने आधी वाचायचे असते आणि मग सही करायची असते. कलम चार मला तोंडाने सांगता येत नाही, प्रयत्न करून झाला. आधी ठरवले होते की हे मी मेल्यावरच उघडावे. पण मेलेल्या माणसाला कोणी शिव्या देत नाही, आणि मला त्या मिळायला हव्यात. कागद टेबलावर ठेवून मी मागच्या खोलीत जाऊन बसतो. मला लाज वाटते आहे.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा, माझ्या मर्जीचा आणि खरा आहे.

ठिकाण: लेअर
दिनांक: १२ मे २०२४, रविवार

सही: एन्नो साटहोफ

साक्षीदार १: रेम्मर
वाचले. तारेने बांधलेली ती घडी मी तिथेच, नॉर्वेत, पिशवी उघडल्यावर पाहिली होती. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून तुटका बेल्ट टेबलावर आणून ठेवला. नंतरही थांबलो. दुकान मान्य आहे, पण तुम्ही असेपर्यंत पाटी तुमचीच राहील. सही करून मागच्या खोलीत तुमच्याकडे येतो.

साक्षीदार २: फेन्ना
वाचले. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि ह्यालाही माहीत होतं. अकरा वर्षं दर रविवारी ह्याला चारचौघांत बोल लावत होते ती एकटी मी. सही करते आहे. आता दोघंही बाहेर या.