उजवा कौल

१२ जानेवारी
बेळगावचा रिपोर्ट आला. दोघांच्याही रक्तात एचआयव्हीचे विषाणू आढळले नाहीत! दवाखान्यातल्या सोनाली मॅडमनी बजावून सांगितलं— ते मेले नाहीत, गोळीनं दबलेत, सोडली की परत उठतील. ह्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. कॅसलरॉक येईपर्यंत गाडीत गुणगुणत होते. इतका आनंद मोडवेना मला.

१९ जानेवारी
गावदेवीला कौल लावला. गावात आमचा रोग कुणाला माहीत नाही, म्हणून ह्यांनी नाव न घेता विचारलं, "मनात हाय ते सोडू काय?" झिलू गुरवानं मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. झिलूला वाटलं असेल, पुंडलिक तंबाखू सोडतोय!
देवीनं बरं केलं, आता गोळी खाणं म्हणजे तिच्यावर अविश्वास, हे म्हणाले. दोघांनी सोडायची. मी मान हलवली.

२० जानेवारी
माझी गोळी गोठ्यात जाऊन घेतली. धार काढता काढता.

४ मे
हे अजून धडधाकट. मला चिडवतात, "बघ, म्हटलं न्हवतं?" बेळगावहून त्यांच्याही बाटल्या आणते, गवताच्या भाऱ्यामागं ठेवते. मॅडमना सांगते, जंगलात कामाला गेलेत, गोळ्या घेतात. कधी कधी वाटतं, देवीनं खरंच केलं असेल की! असं वाटून घेतलं की बरं वाटतं, एवढंच.

२२ सप्टेंबर
ह्यांच्या तोंडात पांढरं आलंय. पेज गिळवत नाही. ताप उतरत नाही, जुलाब थांबत नाहीत. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबतो. शेजारची पार्वतीअक्का म्हणाली, नजर लागली.
हे माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्यावर देवी प्रसन्न हाय." मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या मानेला धरून रडले.
देवी कुठली! गोळी आहे ती! मी तेव्हाच भांडले असते तर ह्यांनी आठवडाभर अबोला धरला असता, दुसरं काय? घरात एरवी मीठ कमी पडलं तरी तोंड सोडते मी. त्या दिवशी मात्र ही मेली जीभ टाळूला चिकटली.

८ ऑक्टोबर
ओढून बेळगावला नेलं. विषाणू लाखांत. सीडी-फोर म्हणतात त्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी शंभराच्या आत, पूर्वी पाचशेवर होत्या. मॅडम म्हणाल्या, राखण सुटली की डुकरं भातात शिरतात, तसंच झालंय. छातीत क्षय आहे का तेही बघायचंय. गोळ्या परत सुरू करायच्या म्हटल्यावर ह्यांनी मान फिरवली, देवीला विचारल्याशिवाय नाही! माझा रिपोर्ट अजून चांगलाच. तो मॅडम ह्यांच्यासमोर वाचणार होत्या— मी डोळ्यांनी थांबवलं. अजून लपवतेच आहे मी! लाज वाटली.

९ ऑक्टोबर
सांगितलं. गोठ्यातलं सगळं.
चिडले नाहीत. म्हणाले, "ठाव हाय मला, पयल्यापास्नं. तू कौल मोडलास, म्हणून तर मी पाळला. दोघांनीबी मोडला असता तर देवीनं तुला धरलं असतं."
धरू दे मला, म्हटलं, आणि बाटली उघडली. त्यांनी हात पुढं केला.