मागच्या बाजूचा आरसा

३ जून
आलो एकदाचा. क्वार्टर ऐसपैस, खुर्ची गुबगुबीत, चहाही बरा. मणक्याला मार बसून कमरेखाली बधिर झालेली माणसं इथे असतात. एकाच जागी पडून पाठीला, बुडाला जखमा होतात, त्या मी बुजवायच्या. स्वागताला सिस्टरबाईंनी हातआरसा दिला. या वॉर्डात सगळे, डॉक्टरसुद्धा, रोज त्यात स्वतःची मागची बाजू बघतात म्हणे. नाही बघितली तर इथला बधिरपणा लागतो. अडाणीपणाला औषध नाही. आरसा ड्रॉवरमध्ये टाकला.

५ जून
आज मिस्त्रीची शस्त्रक्रिया. बांधकामावरून पडलेला गडी, जखम पार हाडापर्यंत. सडलेलं काढलं, शेजारचं मांस कातडीसकट फिरवून खड्ड्यावर बसवलं. काम फक्कड झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला सुनावलं, की कूस बदलायला काय धाड भरली होती? सगळा आळस. त्याची बायको मान खाली घालून ऐकत होती. असल्या लोकांवर माझे हात वाया जातात.

१४ जून
नव्या पेशंटला पलंग हवा होता. मिस्त्रीला खुर्चीत बसवा म्हणालो. सिस्टरबाई म्हणाल्या, इतक्यात भार दिला तर जखम उघडेल. शस्त्रक्रिया मी केली की तुम्ही, असं विचारल्यावर खुर्ची आणायला गेल्या. दिवसभर बसवला.

१५ जून
उघडली. पुन्हा हाड दिसतंय. बोलला का नाहीस म्हणून मिस्त्रीवर ओरडलो. तो म्हणाला, "मला कळत नाही, डॉक्टर. तुम्हाला कळायला हवं होतं." वर हा उद्धटपणा. सिस्टरबाईंनी आरशाची आठवण केली. मी हसलो.

१८ जून
माझ्या खुर्चीच्या गादीवर ओला डाग. वास वॉर्डातला. कुठल्या पेशंटला इथे बसवलंस म्हणून शिपायाला झापलं. कुणालाच नाही म्हणतो. खोटारडा.

२० जून
खुर्ची बदलली. पुन्हा डाग. मला तर काहीच दुखत नाही. मांडीवर उकळता चहा सांडला, तोसुद्धा — शिपाई ओरडला तेव्हा कळलं.

२१ जून
आरसा काढला. खड्डा आहे. मूठ जाईल एवढा. आत पांढरं — ओळखतो मी ते.

दुपारी
पाय हलत नाहीत. हाका मारल्या. मिस्त्रीची बायको आली. हात जोडले, मला कुशीवर वळव म्हणालो. ती म्हणाली, "पलंग रिकामा नाही, डॉक्टर. बसा."

दार ओढून गेली.

खुर्चीखाली ठिबकतंय. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान —