देवळाच्या पायरीवरचा बूट

शनिवार, नॅशव्हिल

हात अजून झिणझिणतोय. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आमच्या मराठी शाळेची मुलं आणली होती, ग्रीक देवळाची इथली प्रतिकृती दाखवायला. मी 'देऊळ' म्हणाले, तर सगळ्यांनी पायरीवर बूट काढले. गोड वाटलं तेव्हा. आत मी खांब दाखवत राहिले. मुलांना तिथल्या देवीच्या पुतळ्याच्या ढालीवर कोरलेली कत्तलच "सो कूल".

बाहेर आलो, तर बुटांची अदलाबदल. ईशानने बूट उचलून मिहिरच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पायरीवर रक्त. मी बूट हिसकावला आणि ईशानच्या कानाखाली वाजवली.

"देवळात मारतात का कुणाला?"

तो गाल धरून म्हणाला, "मावशी, यू जस्ट डिड."

खरं सांगायचं तर तेव्हा त्याला दुसरीही द्यावीशी वाटली. आणि बूट माझ्याच हातात होता.